‘चार्ज सिस्टरकडे आहे’ म्हणजे नेमके काय सिस्टरकडे आहे?

प्रश्न : मानेवाडेकर

गेल्या महिन्यात आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही नागपुरातील एका खासगी रुग्णालयात सहा दिवस होतो. वॉर्डाच्या दाराशी पांढऱ्या कागदावर निळ्या अक्षरांत एक सूचना चिकटवलेली होती : ‘रात्री ८ नंतर वॉर्डचा चार्ज सिस्टरकडे राहील.’ चौथ्या रात्री नऊच्या सुमारास शेजारच्या खाटेवरील बाईंचे वडील त्या कागदापुढे उभे होते. ते उमरेडकडचे शेतकरी, वय सत्तरीच्या घरातले. बोट ठेवून एकेक अक्षर लावत त्यांनी ती सूचना वाचली, मग टेबलापाशी जाऊन बंडीच्या आतल्या खिशातून रुमालाची गाठ काढली, ती दातांनी सोडवली आणि घडी केलेल्या नोटा सिस्टरपुढे ठेवून म्हणाले, “सिस्टरबाई, चार्ज तुमच्यापाशीच हाये ना? मंग किती द्या लागते, घ्या मोजून.”

सिस्टरला क्षणभर काही उमगले नाही. उमगल्यावर तिने त्या नोटा पुन्हा रुमालात बांधून दिल्या, त्यांना खुर्चीवर बसवले आणि इथे पैसे द्यायचे नसतात, मी फक्त रात्री लक्ष ठेवायला असते, असे शांतपणे सांगितले. त्यांची खात्री पटली नाही. त्यांनी मला ती सूचना मोठ्याने वाचायला लावली, आणि वाचताना माझ्या लक्षात आले की त्यांच्या वाचण्यात काहीही चूक नव्हती. सकाळी औषधांच्या दुकानात, क्ष-किरण विभागात आणि डॉक्टरांच्या तपासणीत ‘चार्ज’ हा शब्द त्यांनी ज्या अर्थाने ऐकला होता, त्याच अर्थाने त्यांनी तो रात्री वाचला.

मी संध्याकाळी वस्तीतील वाचनालयात दहावी-बारावीच्या मुलींचा इंग्रजीचा वर्ग घेते. हा प्रसंग मी तिथे सांगितला आणि घरात किंवा रस्त्यावर ‘चार्ज’ कुठे कुठे ऐकू येतो ते सांगायला सांगितले. पाच मिनिटांत फळा भरला : मोबाईल चार्ज केला, डॉक्टरांचे चार्जेस वाढले, नव्या तलाठ्यांनी चार्ज घेतला, पोलिसांनी चार्जशीट दाखल केली, मोर्चावर लाठीचार्ज झाला. यावर एका मुलीने विचारले की हा एकच शब्द आहे, की उच्चार सारखा असलेले चार-पाच वेगवेगळे शब्द आहेत? मराठीत ‘वर’ म्हणजे उंचावर, ‘वर’ म्हणजे नवरदेव आणि ‘वर’ म्हणजे देवाने दिलेला आशीर्वाद, तसे काही आहे का? मला ठाम उत्तर देता आले नाही.

म्हणून जाणकारांना दोन गोष्टी विचारते. पहिली, या सगळ्या अर्थांना बांधणारे एखादे सूत्र आहे का? दुसरी, त्या दारावर मराठीत काय लिहायला हवे होते, म्हणजे रुमालाची गाठ सुटली नसती?

---

निवृत्त मास्तर, महाल

ताई, आपल्या विद्यार्थिनीने अगदी नेमका प्रश्न विचारला आहे, आणि त्याचे उत्तर असे की हा एकच शब्द आहे. बत्तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवताना मी मुलांना ‘चार्ज’चे अर्थ क्रमांक घालून पाठ करायला लावत असे. ते क्रमांक एकमेकांशी जोडता येतात हे मला फार उशिरा कळले, त्यामुळे हे उत्तर थोडे सविस्तर लिहीत आहे.

मुळाशी एक गाडी आहे. आजच्या फ्रान्सच्या भागात राहणाऱ्या गॉल लोकांच्या भाषेतून लॅटिनमध्ये ‘कारुस’ हा शब्द आला. त्याचा अर्थ माल वाहून नेणारी चाकांची गाडी. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कारिकारे’ हे क्रियापद झाले, म्हणजे गाडीवर माल लादणे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे ‘शार्ज’च्या वळणाचे रूप झाले आणि तेराव्या शतकात ते इंग्रजीत स्थिरावले. कार, कॅरी आणि जहाजावरचा कार्गो ही सारी याच घराण्यातील भावंडे आहेत. इटालियन भाषेत लादणे या क्रियापदावरून ‘कारिकातुरा’ झाले, म्हणजे एखाद्या नाकावर किंवा हनुवटीवर मुद्दाम जास्त वजन टाकून काढलेले चित्र. तेच पुढे इंग्रजीत कॅरिकेचर झाले.

‘लादणे’ हा अर्थ हाताशी धरला की आपल्या फळ्यावरील ओळी एकेक करून उलगडतात. माणसावर कामाचे ओझे टाकले, म्हणजे त्याच्याकडे चार्ज दिला. खर्चाचे ओझे टाकले, म्हणजे चार्ज आकारला. गुन्ह्याचे ओझे टाकले, म्हणजे चार्ज ठेवला. बंदुकीत एका बाराची दारू ठासली, म्हणजे ती चार्ज केली. घोडदळाने आपले सारे वजन घेऊन शत्रूच्या अंगावर झेप घेतली, म्हणजे चार्ज केला. प्रत्येक वेळी कोणावर तरी किंवा कशावर तरी काहीतरी ठेवले जाते. बदलते ते फक्त ओझे कशाचे आहे एवढेच.

मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी की मराठीने हीच वाट स्वतंत्रपणे चालून दाखवली आहे. ‘भार’ हा शब्द घ्या. संस्कृतमधील ‘भृ’ म्हणजे वाहणे, पोसणे, या धातूवरून तो आला. त्यावरूनच आपण कार्यभार, पदभार, प्रभारी असे शब्द केले, करावर आणखी कर बसला की त्याला अधिभार म्हटले, आणि शाळेच्या पुस्तकात विजेच्या चार्जला प्रभार म्हटले. ‘आरोप’ तर त्याहून बोलका आहे. ‘रुह्’ म्हणजे चढणे, वाढणे. त्याच्या प्रयोजक रूपावरून आरोप, म्हणजे एखादी गोष्ट दुसऱ्यावर चढवणे किंवा बसवणे. वृक्षारोपणातील आरोपण आणि न्यायालयातील आरोप हे सख्खे भाऊ आहेत. आपण ‘गुन्हा माथी मारला’ असे म्हणतो तेव्हाही डोक्यावर ओझे ठेवण्याचेच चित्र असते.

मुलींना एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावी. इंग्रजीत हे अर्थ वेगळे ओळखता येतात ते बहुतेक शेजारच्या छोट्या शब्दांमुळे. ‘चार्ज विथ’ असेल तर आरोप किंवा सोपवलेले काम, ‘चार्ज फॉर’ असेल तर पैसे, ‘चार्ज अॅट’ असेल तर अंगावर धाव. ‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ यांत केवळ एका ‘द’चा फरक आहे, पण अर्थ उलटा होतो : परिचारिका रुग्णाच्या ‘इन चार्ज ऑफ’ असते आणि रुग्ण परिचारिकेच्या ‘इन द चार्ज ऑफ’ असतो. मराठीत आपण नाम तेवढे उचलले आणि हे छोटे शब्द मागे ठेवले, म्हणून दारावरील वाक्य दोन्हीकडे झुकले.

सूचनेत ‘वॉर्डचा कार्यभार’ असे लिहिले असते तर गैरसमज झाला नसता, असे माझे मत आहे.

---

काळा कोट, सिव्हिल लाइन्स

मास्तरांनी मांडलेले सूत्र मान्य आहे. कायद्याच्या बाजूने मात्र दोन दुरुस्त्या आणि एक भर घालाविशी वाटते.

पहिली दुरुस्ती चार्जशीटबद्दल. पोलीस तपास संपल्यावर जो अहवाल न्यायालयात देतात, त्याला सगळे चार्जशीट किंवा आरोपपत्र म्हणतात. तो पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३ खाली दिला जात असे आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ खाली दिला जातो. परंतु कायद्याच्या भाषेतील ‘चार्ज’ पोलीस ठेवत नाहीत, तो न्यायालय ठेवते. कागदपत्रे पाहून, दोन्ही बाजू ऐकून, खटला चालवण्याइतका आधार आहे असे वाटले तर न्यायाधीश आरोपीला नेमके कोणत्या कृत्याबद्दल आणि कोणत्या कलमाखाली उत्तर द्यायचे आहे ते लेखी ठरवून वाचून दाखवतात. याला दोषारोप निश्चित करणे म्हणतात. आरोपपत्र दाखल झाले म्हणजे दोषारोप ठरलाच, असे वर्तमानपत्र वाचणारा माणूस समजतो, आणि या एका समजापायी कितीतरी कुटुंबे नातेवाइकांत मान खाली घालून वावरतात. या दोन टप्प्यांमधील अंतर कधी कधी काही वर्षांचे असते, आणि त्या काळात त्या माणसावर न्यायालयाने अजून कोणतेही ओझे ठेवलेले नसते.

दुसरी दुरुस्ती म्हणजे साधा आरोप आणि दोषारोप एक नव्हेत. आरोप शेजारीही करतो. दोषारोपाला तारीख, ठिकाण, कृत्य आणि कलम यांचा आकार लागतो, कारण ज्याला उत्तर द्यायचे आहे त्याला आपल्या डोक्यावर नेमके काय ठेवले आहे ते दिसले पाहिजे.

आता भर. ‘चार्ज’चा एक अर्थ फळ्यावर आला नाही, पण तो विदर्भातील प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात आहे. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०० मध्ये स्थावर मालमत्तेवरील ‘चार्ज’ची व्याख्या आहे : मालकी आणि ताबा मालकाकडेच राहतो, पण ती मालमत्ता एखाद्या देण्यासाठी तारण म्हणून बांधली जाते. हे कलम आमच्या गावाकडे कोणी वाचलेले नाही, पण शब्द मात्र त्यांनी अचूक ठेवला आहे, ‘बोजा’. सेवा सहकारी सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज घेतले की सातबाऱ्याच्या इतर अधिकारांच्या रकान्यात बोजा चढतो आणि कर्ज फिटल्यावर फेरफार होऊन तो उतरतो. ‘चढतो’ आणि ‘उतरतो’ ही क्रियापदेदेखील बैलगाडीवरच्या पोत्याचीच आहेत. ‘कारिकारे’चा इतका जवळचा अनुवाद एखाद्या भाषापंडितानेही केला नसता. उमरेडकडच्या त्या काकांना ‘चार्ज’ कळला नसेल, पण बोजा कशाला म्हणतात हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

---

इन्व्हर्टरवाला, इमामवाडा

मी पदविकाधारक विद्युत अभियंता असून बॅटरी दुरुस्तीचे काम करतो. ‘मोबाईल चार्ज केला’ या वाक्याबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त वेळा उच्चारला जाणारा अर्थ हाच आणि सगळ्यात चुकीचा समजला जाणाराही हाच.

विजेला हा शब्द बंदुकीकडून मिळाला. १७४७च्या सुमारास बेंजामिन फ्रँकलिन लायडन बरणीवर प्रयोग करत होते. काचेच्या बरणीला आतून-बाहेरून धातूचा पत्रा लावून तिच्यात वीज साठवण्याची ती युक्ती होती. ती बरणी ‘भरणे’ आणि ती एकदम ‘उडणे’ यासाठी त्यांनी तोफखान्याचे शब्द वापरले. अशा अनेक बरण्या ओळीने जोडल्या तेव्हा त्यांनी त्या रचनेला बॅटरी म्हटले, आणि बॅटरी म्हणजे तेव्हा एका ओळीत मांडलेल्या तोफा. म्हणजे इतवारीत आम्ही जी बॅटरी विकत घेतो आणि जी चार्ज करून देतो, ते दोन्ही शब्द दारूगोळ्याचे आहेत.

परंतु चार्ज केलेल्या बॅटरीत विद्युतप्रभार जास्त झालेला नसतो. भरलेली आणि उतरलेली, दोन्ही बॅटऱ्यांचा एकूण प्रभार शून्यच असतो. मोबाईलच्या बॅटरीत चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन एका पट्टीतून निघून दुसऱ्या, ग्रॅफाइटच्या पट्टीत जाऊन बसतात आणि तेवढेच इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून चार्जरमार्गे त्याच बाजूला जातात. बॅटरीत साठते ती ऊर्जा. वापरताना हाच प्रवास उलटा होतो. ५,००० मिलिअँपिअर-तास असे बॅटरीवर लिहिलेले असते, त्याचा अर्थ या प्रवासात एकूण १८,००० कूलोम इतका प्रभार एका बाजूकडून दुसरीकडे जाऊ शकतो. तो बाहेरून आणून आत ओतलेला नसतो. माझ्याकडे ई-रिक्षाचे चालक येतात आणि बॅटरीत करंट कमी भरला जातो असे सांगतात, तेव्हा त्यांना हे समजावून सांगणे मला गरजेचे वाटते, कारण एकदा आतील देवाणघेवाण समजली की बॅटरी पूर्ण रिकामी होईपर्यंत का चालवू नये हेही समजते.

पैशाच्या अर्थाबद्दल एक गोष्ट. घरच्या विजेच्या बिलावर मराठीत स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार असे लिहिलेले असते. तिथे ‘आकार’ म्हणजे चार्ज, आणि आकारणी हा त्याचाच जुना, महसुलातील भाऊ. घर महिनाभर बंद असले तरी स्थिर आकार द्यावा लागतो, कारण तो जोडणी ठेवल्याबद्दल आहे, वापरल्याबद्दल नाही. त्याच बिलात खाली १६ टक्के ‘वीज शुल्क’ असते. तो चार्ज नव्हे, तो राज्य शासनाचा कर आहे. बोलताना आपण दोन्हींना चार्जेस म्हणतो आणि मग कोणता पैसा कशासाठी गेला ते विचारायचे राहून जाते. बिलाचा मराठी मजकूर या बाबतीत इंग्रजीइतकाच काटेकोर आहे, तो सावकाश वाचावा.

---

बर्डीकर

फळ्यावरील पाचव्या ओळीबद्दल थोडक्यात लिहितो. सीताबर्डीच्या टेकडीवर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई झाली, तेव्हा कॅप्टन फिट्झजेराल्डच्या बंगाल घोडदळाने केलेला हल्ला इंग्रजी वृत्तांतांत ‘चार्ज’ म्हणूनच नोंदलेला आहे. मराठीने या अर्थासाठी ओझ्याचा शब्द घेतलेला नाही. आपण चाल केली, तुटून पडले असे म्हणतो.

लाठीचार्ज हा मात्र हिंदुस्थानात घडलेला जोडशब्द आहे, आणि नागपूरकरांनी तो सहज उच्चारू नये असे मला मनापासून वाटते. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर गेलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात लाठीचार्जनंतर झालेल्या चेंगराचेंगरीत ११४ जणांचा जीव गेला. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. झिरो माईलपाशी त्यांचे स्मारक आहे. मराठी वृत्तपत्रे ‘लाठीमार’ लिहितात. मी तोच शब्द वापरतो, कारण ‘चार्ज’ म्हटले की पोलिसांची हालचाल डोळ्यापुढे येते आणि ‘मार’ म्हटले की तो ज्याच्या पाठीवर बसला तो माणूस डोळ्यापुढे येतो.

---

मानेवाडेकर

सर्वांचे मनापासून आभार. बोजाची गोष्ट मी काल वर्गात सांगितली, तर ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिने सांगितले की तिच्या आजोबांच्या सातबाऱ्यावरचा बोजा याच वर्षी उतरला. तो उतरल्याच्या दिवशी घरी पुरणपोळी झाली होती.

आणखी एक गोष्ट लिहायची राहिली. रुग्णालयात पाचव्या दिवशी त्या काकांना सिस्टरने सांगितले की उद्या तुमच्या मुलीचा डिस्चार्ज आहे. ते बराच वेळ विचार करत बसले आणि मग मला हळूच विचारले, “डिस्चार्ज म्हंजे भरलेला चार्ज वापस भेटते का?” मला ‘नाही’ म्हणावे लागले आणि ते म्हणताना फार जड गेले, कारण त्यांनी शब्दाची फोड बरोबर केली होती.

---

निवृत्त मास्तर, महाल

काकांची फोड केवळ बरोबर नाही, ती शास्त्रशुद्ध आहे. ‘डिस्’ म्हणजे काढून घेणे, उतरवणे. डिस्चार्ज म्हणजे ओझे उतरवणे. गंमत अशी की ओझे उतरते ते कोणाचे, हे दर ठिकाणी पाहावे लागते. रुग्णालयातून डिस्चार्ज होतो तेव्हा रुग्णाचा भार रुग्णालयावरून उतरतो. जखमेतून डिस्चार्ज होतो तेव्हा तो स्राव असतो. पावसाळ्यात गोसीखुर्दचे दरवाजे उघडतात तेव्हा बातमीत येणारा ‘विसर्ग’ हाही डिस्चार्जच.

याच्या उलट दिशेचा शब्द म्हणजे रिचार्ज. मोबाईलपुरता तो आपण इंग्रजीतच ठेवला, पण आपल्याकडे विहिरींच्या बाबतीत त्याला फार चांगला मराठी शब्द आहे, पुनर्भरण. पावसाचे पाणी गाळून विहिरीत किंवा भूगर्भात परत सोडणे म्हणजे विहीर पुनर्भरण किंवा भूजल पुनर्भरण. आणि ‘भरण’ हादेखील त्याच ‘भृ’ धातूचा. शब्द कोणी बसून घडवला असेल त्याने मुळापर्यंत पोहोचून घडवला आहे.

---

काळा कोट, सिव्हिल लाइन्स

न्यायालयातही डिस्चार्ज आहे आणि तोही नीट समजून घेण्यासारखा आहे. दोषारोप निश्चित होण्यापूर्वीच, खटला चालवण्याइतका आधार नाही असे न्यायालयाला दिसले तर आरोपीला दोषमुक्त केले जाते. त्यासाठीच्या अर्जाला दोषमुक्ती अर्ज म्हणतात. पुरावा होऊन, साक्षी तपासून, शेवटी सुटका होते तिला निर्दोष मुक्तता म्हणतात. पहिल्यात ओझे ठेवलेच गेले नाही, दुसऱ्यात ते ठेवले, तोलले आणि उतरवले. बातम्यांत हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी छापले जातात, ते टाळायला हवे.

---

परिसेविका

मी एका शासकीय रुग्णालयात परिसेविका आहे, म्हणजे लोक जिला ‘सिस्टर इन्चार्ज’ म्हणतात ती. शासनाच्या मराठीत प्रत्येक पदाला नाव आहे : स्टाफ नर्स म्हणजे अधिपरिचारिका, वॉर्डाची इन्चार्ज म्हणजे परिसेविका, मेट्रन म्हणजे अधिसेविका. तीनही नावे फलकावर असतात, आणि माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत एकाही रुग्णाने मला परिसेविका म्हणून हाक मारलेली नाही. ते मला सिस्टर म्हणतात, वयस्क माणसे बाई म्हणतात, आणि दोन्ही हाकांना मी तितक्याच तत्परतेने उठते.

म्हणून मास्तरांचा आदर राखून सांगते, दारावर ‘कार्यभार’ लिहून भागणार नाही. तो शब्द कार्यालयातील आहे. बदलीच्या आदेशात तो शोभतो, कारण तिथे लिहिणारा आणि वाचणारा दोघेही तीच भाषा वापरतात. वॉर्डाच्या दाराशी जो उभा असतो तो रात्रभर जागलेला असतो, त्याच्या एका हातात रिपोर्टची पिशवी आणि दुसऱ्या हातात डबा असतो, आणि त्याला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात : अडचण आली तर कोणाला हाक मारायची आणि पैसे कुठे भरायचे. सूचनेने या दोन गोष्टी सांगाव्यात. आमच्यात कोणाकडे कोणता भार आहे, हा आमच्या आतला हिशेब आहे.

तो हिशेब आम्ही कसा ठेवतो तेही सांगते, म्हणजे ‘चार्ज’ हा शब्द आमच्या तोंडी का बसला ते कळेल. पाळी बदलताना जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला ‘ओव्हर’ देते. दोघी मिळून खाटेपाशी जातात आणि प्रत्येक रुग्णाचे सलाईन किती राहिले, लघवीचे माप किती, रात्रीचे इंजेक्शन दिले की नाही, कोणाला सकाळपासून उपाशी ठेवायचे, हे एकीकडून दुसरीकडे जाते. कपाटाच्या किल्ल्या हातात येतात, इंजेक्शनच्या बाटल्या मोजल्या जातात, वहीत दोघींच्या सह्या होतात. त्या सहीनंतर एखाद्या रुग्णाला काही झाले तर उत्तर मला द्यायचे असते. किल्ल्यांचा तो जुडगा हातात घेताना मनगटाला त्याचे वजन जाणवते. मास्तरांनी गाडीवर माल लादण्याचा अर्थ लिहिला, तो वाचताना मला तो जुडगा आठवला.

आणि डिस्चार्जसाठी आमच्या वॉर्डात फार पूर्वीपासून एक शब्द आहे, ‘सुटी’. “आजी, उद्या तुम्हाला सुटी” असे म्हटले की आजी लगेच पिशवी आवरायला घेतात. त्या शब्दाचा अर्थ आजवर मला कोणी विचारलेला नाही.

---

मानेवाडेकर

परिसेविकाताई, आपला प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. तिने मध्येच थांबवून किल्ल्यांचा भाग पुन्हा वाचायला सांगितला.

काल टाके काढायला त्याच रुग्णालयात जायचे होते. जाताना एका कोऱ्या कागदावर वर्गातल्या मुलींनी मोठ्या अक्षरांत लिहून दिलेला मजकूर सोबत नेला आणि तिसऱ्या मजल्यावरील त्या रात्रपाळीच्या सिस्टरकडे दिला. तिने तो वाचला, वरिष्ठांना दाखवते म्हणून आत घेऊन गेली, आणि आम्ही परत निघताना जुना कागद निघालेला होता. चिकटपट्टीच्या चार खुणांमध्ये आता मुलींच्या हस्ताक्षरात एवढेच आहे :

‘रात्री ८ नंतर काहीही त्रास झाल्यास टेबलावरील सिस्टरांना हाक मारा. त्या रात्रभर इथेच असतात. वॉर्डात कोणालाही पैसे देऊ नयेत. पैसे फक्त तळमजल्यावरील खिडकीत भरावेत आणि पावती घ्यावी.’